खुरांच्या बेचक्यातली गाठ: चाकूने काढावी की कॉटरीने?

गाठ लहान असेल आणि गाय लंगडत नसेल तर चाकू किंवा कॉटरी (म्हणजे तापवलेल्या उपकरणाने जाळून गाठ काढणं), यातलं काहीच करू नका. खुरं साळून घेताना दोन्ही नख्यांच्या आतल्या बाजू जरा खोलगट करून घेतल्या की गाठीला जागा होते, चिमटा बसत नाही. गाठ सुपारीपेक्षा मोठी झाली, चालताना जमिनीला घासायला लागली, गाय गव्हाणीपाशी मागचा पाय उचलून धरायला लागली, की मग हा प्रश्न येतो.

माझ्या दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींच्या गाठी काढल्या. एकीची चाकूने, दुसरीची कॉटरीने. डॉक्टर तेच. दोन्ही वेळा पायाला रबरी पट्टा आवळून शिरेतून भूल दिली, त्यामुळे काढताना गायींना त्रास झालेला दिसला नाही.

चाकूचं काम स्वच्छ. जखमेच्या कडा सरळ राहतात, आतली चरबी डॉक्टरांना नीट दिसते. पण रबरी पट्टा सोडला की रक्त येतं, म्हणून गॉज दाबून घट्ट पट्टी बांधावी लागते. माझं मन फिरलं ते या पट्टीमुळे. कोब्यावर शेण-मूत लागून दुसऱ्या संध्याकाळी ती जड झाली, वास सुटला. दर तिसऱ्या दिवशी गाय खोड्यात घालायची, भावाने दोरी धरायची, मी चिकटलेला गॉज मिठाच्या कोमट पाण्याने भिजवून एकेक धागा सोडवायचा. गाय थरथर कापायची. असं चारदा केलं. त्या दिवसांत दूधही आटलं.

कॉटरीच्या वेळी जळकट वास गोठाभर पसरला, पण रक्त जवळजवळ नाही. हलकी पट्टी बांधली, तीही तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोडली. पुढे गव्हाणीपाशी उभ्या गाईलाच स्प्रे मारायचो. जखम भरायला मात्र आठवडाभर जास्त लागला, आणि माश्यांवर लक्ष ठेवावं लागलं.

एकेका गाईचा अनुभव आहे, तुमच्याकडे वेगळं घडू शकेल. गाठ खोलवर गेली असेल किंवा तुमच्या डॉक्टरांचा हात चाकूवर बसलेला असेल तर त्यांचंच ऐका. घरी विळा तापवून डाग मात्र कधीच देऊ नका, सांधा तिथून जवळ असतो.

तिसऱ्या गाईच्या बेचक्यात आता गाठ वाढते आहे. दिवाळीनंतर गोठा कोरडा झाला की कॉटरी घेऊन या, असं डॉक्टरांना सांगून ठेवलंय.