कोलोनमध्ये एकच दिवस: गॉथिक कॅथेड्रल की रोमनेस्क चर्च?

युरोपातल्या वास्तुशैलींशी पहिली ओळख करून घ्यायची असेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर जर्मनीतलं कोलोन सोयीचं. गॉथिक, म्हणजे उंच, टोकदार कमानींच्या शैलीतलं कॅथेड्रल (शहराचं मुख्य चर्च) स्टेशनच्या दाराशीच, आणि जुन्या शहरात रोमनेस्क, म्हणजे त्याआधीच्या जाड भिंती नि गोल कमानींच्या शैलीतली बारा मोठी चर्च. जास्त वेळ कुणाला द्यायचा, एवढंच ठरवायचं.

कॅथेड्रलची भव्यता वादातीत आहे. १५७ मीटरचे जोडमनोरे, आत ४३ मीटरवर दगडी छत. काम १२४८ मध्ये सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं आणि १८४२ मध्ये पुन्हा हाती घेऊन १८८० मध्ये पूर्ण झालं. दक्षिणेच्या मोठ्या खिडकीतून फरशीवर उतरणारा रंगीत उजेड चुकवू नये.

मी अडलो ते एका गोष्टीपाशी. इतक्या उंचावरचं जड छत या सडपातळ खांबांवर उभं कसं, ते आत राहून उमगतच नाही. छताचा रेटा झेलणाऱ्या तिरक्या कमानी भिंतींच्या बाहेर आहेत. त्या बघायला बाहेर जावं, तर आतलं छत दिसत नाही. मी तीनदा आत-बाहेर केलं. मान आखडली, पण दोन्ही बाजू मनात जुळेनात. नुसतं डोळे भरून बघायला आलेल्याला याचं काही वाटणार नाही कदाचित. शिकायला आलेल्याला ते फार खटकतं.

तिथून चालत सांक्ट मारिया इम कापिटोलला गेलो. अकराव्या शतकातलं हे चर्च. तळघरात बुटके, जाड खांब. खांबाच्या माथ्यावरचा दगड वर चौकोनी, आणि खाली येता येता कोपरे गोलावत खांबात मिसळलेला. त्याच्यावर अर्धगोल कमान. भार कुठून येतो आणि कुठे जातो, ते उभ्या जागी दिसतं. वर चर्चमध्ये पूर्वेच्या टोकाला तीन बाजूंना तीन अर्धवर्तुळाकार भाग, बेलाच्या पानासारखे. त्याच काळातला कोरीव लाकडी दरवाजाही आत जपून ठेवलाय. त्याच्यापुढे मी बराच वेळ होतो.

अर्थात, दुसऱ्या महायुद्धात हे चर्च पार उद्ध्वस्त झालं होतं, आणि आज दिसतं त्यातलं बरंच पुन्हा बांधलेलं आहे. पण कॅथेड्रलचे मनोरेही बहुतांशी एकोणिसाव्या शतकातलेच. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ चा, म्हणजे जवळजवळ समवयस्क. फोर्टात फिरलेल्या माणसाला टोकदार कमानी तशा ओळखीच्याच असतात. रोमनेस्कची अशी ओळख मला तरी आधी कुठे झाली नव्हती.

आवड ज्याची त्याची. मला विचाराल तर सकाळ मारियाला द्या. मग सांक्ट गेरेऑन: त्याचा दहा बाजूंचा घुमट १२२७ चा, आणि तिथे गोल कमानींच्या सोबतीला टोकदार कमानी येऊ लागलेल्या दिसतात. कॅथेड्रल संध्याकाळी, परतीची गाडी पकडायच्या आधी.