फिर्यादी भरपूर, करणी जवळजवळ नाही: रोमन ब्रिटनच्या शापपट्ट्यांचे ऑक्सफर्डचे संकेतस्थळ

ग्रीक-रोमन शापपट्ट्यांचा, म्हणजे शाप कोरून देवळात किंवा थडग्यात टाकलेल्या शिशाच्या पत्र्यांचा, अभ्यास पुस्तकांतून सुरू केला की भाषांतरे भराभर हाती येतात, पण पत्र्यावर नेमके काय दिसते ते कळत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्राचीन दस्तऐवज अभ्यास केंद्राचे रोमन ब्रिटनच्या शापपट्ट्यांवरचे संकेतस्थळ ही उणीव बऱ्यापैकी भरून काढते. पट्टीचे चित्र किंवा रेखाटन, लॅटिन वाचन, इंग्रजी भाषांतर आणि टिपा हे सगळे मोफत आणि एका ठिकाणी मिळते. मात्र इथे निवडक पट्ट्याच आहेत, हे आधीच लक्षात ठेवावे. इंग्लंडमधल्या बाथच्या उष्ण झऱ्यातून सुमारे १३० पट्ट्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेक १९७९-८०च्या उत्खननात. त्यांचे संपूर्ण वाचन रॉजर टॉमलिन यांनी १९८८ मध्ये छापले. त्या छापील ग्रंथाला हे संकेतस्थळ पर्याय ठरत नाही.

वापरण्याची पद्धत थोडी उलटी ठेवावी. भाषांतर झाकून आधी रेखाटन पाहावे आणि ओळी मोजाव्यात. पट्टीची कोणती बाजू वर आहे याची खात्री करावी. हे सांगायला लागू नये, पण बोडलियन ग्रंथालयाचे प्रमुख ई. डब्ल्यू. बी. निकल्सन यांनी १९०४ मध्ये बाथची एक पट्टी चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती माणसाचे पत्र म्हणून प्रसिद्ध केली होती. पुढे टॉमलिन यांनी दाखवून दिले की निकल्सन यांनी पट्टी खालची बाजू वर करून वाचली होती. पत्र वगैरे काही नव्हते, शापच होता.

बाजू ठरली की अक्षरांकडे वळावे. जुन्या रोमन मोडणीत, म्हणजे भरभर लिहायच्या हस्ताक्षरात, ‘बी’चे पोट डावीकडे असते, त्यामुळे आजच्या डोळ्याला ते ‘डी’ वाटते. ‘ए’ आणि ‘आर’ सहज एकमेकांत मिसळतात. चौथ्या शतकातल्या पट्ट्यांवर नवी मोडणी येते आणि तिची वळणे पुन्हा वेगळी. बाथच्या पट्ट्यांचा काळ मुख्यतः या अक्षरवळणांवरूनच ठरवलेला आहे, म्हणून तिथे दिसणारी शतके ढोबळच समजावीत.

छायाचित्र आणि रेखाटन यांच्यातला फरकही समजून घ्यायला हवा. शिशावरची रेघ उथळ असते. प्रकाश एका बाजूने तिरपा टाकला की ती उठून दिसते, पण प्रकाशाच्याच दिशेने गेलेली रेघ नाहीशी होते. म्हणून एकाच पट्टीची वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून अनेक छायाचित्रे घ्यावी लागतात. एका छायाचित्रावर भिस्त ठेवली की अर्धी अक्षरे हातची जातात. घडीची चीर, गंज आणि खिळ्याचे भोक ही अक्षरासारखी दिसतात, ते वेगळेच. रेखाटनात हा गोंधळ नसतो, कारण कोणती रेघ अक्षराची आणि कोणती चरा, हा निर्णय रेखाटणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. रेखाटन पाहून वाचन ‘तपासले’ म्हणणे म्हणजे साक्षीदाराला त्याचीच साक्ष पुन्हा विचारणे.

लॅटिन वाचनातल्या खुणा पाठ असाव्यात. चौकोनी कंसातला मजकूर पट्टीवर नाही, तो संपादकाने भरून काढलेला आहे. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर खात्रीचे नाही. गोल कंसात संक्षेपाची फोड असते आणि दुहेरी चौकोनी कंसात लिहिणाऱ्याने स्वतः खोडलेला मजकूर. नवखे लोक इथेच फसतात. भाषांतर सलग आणि गुळगुळीत असते, पण मूळ ओळीत सहापैकी चार अक्षरे कंसात असू शकतात. एखाद्या शब्दावर सगळा युक्तिवाद उभा करायचा असेल, तर तो शब्द कंसाबाहेर आहे ना, एवढे पाहूनच पुढे जावे.

मजकुराच्या बाबतीत बाथ आणि उली ही दोन ठिकाणे सोने आहेत. डोसिलियानस नावाच्या माणसाची टोपीची शाल चोरीला गेली. तो सुलिस देवीला विनवतो: चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला मरण दे, झोप देऊ नकोस, शाल देवळात परत येईपर्यंत मूलबाळ होऊ देऊ नकोस. डोसिमेडिसचे हातमोजे गेले. चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, एवढेच त्याचे मागणे. त्याच्या लॅटिनमध्ये लिंगाचे मेळ बसत नाहीत, आणि बोलीभाषेच्या अभ्यासकाला नेमके तेच हवे असते. अनियानसची सहा चांदीची नाणी गेली, तर तो चोर ‘मूर्तिपूजक असो वा ख्रिस्ती’ असे लिहितो. या एका वाक्यांशात चौथ्या शतकाचा सगळा बदल दिसतो.

ग्लॉस्टरशरमधल्या उली इथल्या मर्क्युरीच्या देवळातली सॅटर्निनाची पट्टी तर वेळ काढून पाहावी. तिचे लिननचे कापड हरवले आहे. तिने आधी मार्स सिल्वानस या देवाचे नाव लिहिले, मग ते खोडून त्यावर मर्क्युरी लिहिले. कापड मिळवून दिले तर त्याचा तिसरा हिस्सा मर्क्युरीला, आणखी तिसरा हिस्सा सिल्वानसला, असा सौदा ती मांडते. खोडलेले नाव आणि हा हिशेब एकत्र वाचला की देवळाच्या दारात काय वाटाघाटी चालत, याचा अंदाज बांधता येतो. भाषांतर तेवढे वाचणाऱ्याच्या हाती हे लागत नाही.

आता खरी अडचण. या संकेतस्थळावरून ग्रीक-रोमन जादूचे चित्र उभे केले तर ते चुकीचे होईल. ब्रिटनच्या बहुतेक पट्ट्या फिर्यादी आहेत: माल गेला, देवा, न्याय कर. हेंक फर्स्नेल यांनी अशा मजकुरांना ‘न्यायासाठीच्या प्रार्थना’ म्हणून वेगळे काढले. अशा प्रार्थनेत देवाला मानाने हाक मारली जाते, शाप देण्याचे कारण सांगितले जाते आणि बऱ्याचदा फिर्याद करणारा आपले नावही देतो. अस्सल बंधनात, म्हणजे प्रतिपक्षाला बांधून टाकणाऱ्या शापात, यातले काहीच नसते. अथेन्सच्या इ. स. पू. चौथ्या शतकातल्या पट्ट्या सरळ ‘बांधतो’ या क्रियापदाने सुरू होतात: अमक्याची जीभ, हात, पाय, मन. प्रतिपक्षाला न्यायालयात बोलता येऊ नये, एवढाच हेतू. लिहिणारा नाव देत नाही, गुन्हाही सांगत नाही. पट्टी थडग्यात जाते, बहुधा अकाली मेलेल्याच्या. उत्तर आफ्रिकेतल्या हाद्रुमेटमच्या पट्ट्यांत शर्यतीच्या घोड्यांवर आणि सारथ्यांवर पिशाच्च सोडलेले असते, तेही संघाचे रंग नमूद करून.

कृती कशी होई, हे पाहायला इजिप्तमधल्या ग्रीक जादूच्या पपायरसांकडे जावे लागते. चौथ्या क्रमांकाच्या मोठ्या पपायरसात वशीकरणाची पूर्ण कृती आहे: मेणाच्या किंवा मातीच्या दोन बाहुल्या, तांब्याच्या १३ सुया, शिशाची पट्टी, मागावरच्या धाग्याने ३६५ गाठी, आणि अकाली किंवा हिंसेने मेलेल्याचे थडगे. लूव्र संग्रहालयातल्या इजिप्तच्या बाहुलीतही १३ सुया टोचलेल्या आहेत. पुस्तकी कृती आणि वस्तू एवढ्या नेमक्या जुळण्याचे असे उदाहरण क्वचितच मिळते, आणि ब्रिटनपुरत्या संकेतस्थळावर ते सापडण्याचा प्रश्नच नाही.

त्यामुळे जोडीला दोन जुने संग्रह ठेवावेत. अथेन्सच्या परिसरातल्या पट्ट्यांसाठी रिखार्ड व्युन्श यांचा १८९७चा, आणि बाकीच्या जगासाठी ऑग्युस्त ऑदोलाँ यांचा १९०४चा, ज्यात ३०५ पट्ट्या आहेत. दोन्हींचे संपादन आणि टिपा लॅटिनमध्ये आहेत, भाषांतर नाही, वाचने कित्येकदा जुनी झालेली आहेत; तरी लेखांत पट्टीचा क्रमांक येतो तो याच संग्रहांचा. ग्रीक पट्ट्यांसाठी डेव्हिड जॉर्डन यांची १९८५ची यादी त्यापुढची पायरी. आधी क्रमांक शोधावा, मग सर्वांत नवे वाचन. ऑदोलाँच्या वाचनावर थेट भाषांतर रचू नये.

विद्यार्थ्याने लॅटिन मोडणी वाचण्याचा सराव करायला ऑक्सफर्डचे हे संकेतस्थळ पहिल्या क्रमांकावर ठेवावे, शिक्षकाने वर्गात रेखाटन फळ्यावर दाखवून वाचून घ्यायलाही. प्रबंधाला मात्र इथली यादी पुरत नाही. टक्केवारी काढायची असेल, चोरीच्या किती, प्रेमाच्या किती, खटल्याच्या किती, तर हा निवडक संच मोजणीला घेऊच नये: निवडताना जपून राहिलेल्या आणि वाचता येणाऱ्या पट्ट्याच पुढे येतात, आणि आकडा निघतो तो संपादकाच्या पसंतीचा.