दादर–पुणे शेअर टॅक्सी आणि ॲपवरची गाडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दादर–पुणे टॅक्सीनं जावं की ॲपवर गाडी बोलवावी, असं कुणी विचारलं की आधी त्यालाच विचारावं लागतं: माणसं किती? एक किंवा दोन असतील तर सरळ दादरचा स्टँड गाठावा. चार असतील तर घरूनच गाडी बोलवावी. तीन असतील तर पुढचं सगळं वाचावं, कारण खरी अडचण तिथेच आहे. खालचं सगळं आठ महिन्यांत, महिन्याला चार-पाच फेऱ्या दोन्ही पद्धतींनी करून ताडून पाहिलेलं आहे.

आधी पैसे. दादर पूर्वेच्या एशियाड स्टँडजवळून सुटणाऱ्या टॅक्सीचं सीटभाडं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं. सप्टेंबर २०२४ च्या वाढीत साध्या गाडीचं सीट ४५० वरून ५०० रुपये झालं आणि एसीचं ५२५ वरून ५७५. अंतर १५५ किलोमीटर धरलेलं आहे. गाडीत चार सीट: पुढे एक, मागे तीन. म्हणजे एसी गाडी पूर्ण भरली की २३०० रुपये होतात. ॲपवरची छोटी सेडान एका बाजूला बहुतेक वेळा अडीच हजारांच्या आगेमागे दाखवते, सणाला किंवा शुक्रवारी संध्याकाळी साडेतीन हजारांकडे जाते. टोल त्यात धरलाय की वेगळा, हे बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक्स्प्रेसवेचा कारचा टोल १ एप्रिल २०२३ च्या वाढीनंतर एका बाजूला ३२० रुपये आहे. हा एवढा फरक शेवटी हातात पडला की वाद होतो. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर मात्र १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून कारला टोल नाही. त्यामुळे 'वाशीचा टोल' म्हणून कुणी वेगळे मागितले तर द्यायचे नाहीत.

एकट्याला म्हणजे ५७५ विरुद्ध २५००. यात तुलनाच नाही. दोघांना ११५० विरुद्ध २५००. चौघांना २३०० विरुद्ध २५००, आणि ॲपची गाडी दारात येते. बोरिवली किंवा मुलुंडहून चौघांनी सामानासह दादरला यायचं म्हटलं तर ते दोनशे रुपये तिथेच संपतात. तिघांसाठी १७२५ विरुद्ध २५००. घर दादर-माटुंग्याजवळ असेल तर टॅक्सी, लांब असेल तर ॲप. पण तिघांनी स्टँडवर जायचं तर चौथ्याची वाट बघायची तयारी हवी.

ही वाट बघणं म्हणजेच शेअर टॅक्सीची खरी किंमत, आणि ती कुठल्याही दरपत्रकावर लिहिलेली नसते. गाडीला वेळापत्रक नाही, भरली की निघते. दर पाच मिनिटांना एक माणूस येत असेल तर पहिल्याला पंधरा मिनिटं थांबावं लागतं. दर दहा मिनिटांना एक आला तर अर्धा तास. ॲप आल्यापासून नेमकं काय बिघडलं, ते इथे समजतं. पूर्वी तिघांचं कुटुंब स्टँडवर आलं की आधीपासून थांबलेला एकटा माणूस लगेच मार्गाला लागायचा. आता ती तीन-तीन, चार-चार जणांची मंडळी घरूनच ॲपची गाडी करतात. स्टँडवर उरले ते एकटे आणि जोडीनं येणारे. त्यामुळे गाडी भरायला लागणारा वेळ वाढला. वेळ वाढला म्हणून एकट्यांपैकीही काही शेजारच्या शिवनेरीकडे वळले, आणि मागे राहिलेल्यांची वाट आणखी लांबली. टॅक्सीवाल्यांचं नुकसान फक्त गेलेल्या गिऱ्हाइकाचं नाही, राहिलेल्या गिऱ्हाइकाला लवकर नेण्याची त्यांची ताकदही त्याबरोबर गेली.

ड्रायव्हर तीनवर का निघत नाही, याचा राग येण्याआधी त्याचा हिशेब मांडून बघावा. २३०० मधून ३२० टोल गेला. सीएनजी किलोला ८० रुपयांच्या आसपास, गाडी किलोला वीसेक किलोमीटर देते, म्हणजे एका बाजूला आठ किलो, साधारण ६४० रुपये. उरले १३४०, त्यातून गाडीचा हप्ता किंवा मालकाचं भाडं, टायर, पासिंग, विमा. एक सीट रिकामी गेली की त्या १३४० तले ५७५ जातात, म्हणजे शंभरातले त्रेचाळीस. टोल आणि गॅस मात्र तेवढाच लागतो. म्हणून तो चौथ्यासाठी हाका मारत उभा राहतो.

यावर वापरून पक्का झालेला उपाय एकच. पैसे देण्याआधी विचारायचं, 'किती झाले?' दोन किंवा तीन झाले असतील तर बसायचं. एकही नसेल तर शिवनेरीची पुढची गाडी किती वाजता आहे ते बघून मग ठरवायचं. तीन झालेत आणि वीस मिनिटं चौथा आला नाही, तर तिघांनी मिळून चौथी सीट वाटून घ्यायची: एसीला माणशी १९२ रुपये जादा, साध्या गाडीला १६७. एकूण ७६७ किंवा ६६७ पडतात, आणि मागे मधल्या सीटवर कुणी नसतं. हे ड्रायव्हरने सुचवण्याची वाट बघू नये, प्रवाशांनीच एकमेकांशी बोलावं. बहुतेकांच्या मनात तेच असतं.

ॲपच्या गाडीचा त्रास वेगळा, आणि तो बुकिंगनंतर सुरू होतो. गाडी लागते, मग फोन येतो: 'कुठे जायचंय? पैसे ऑनलाइन की कॅश?' पुणे म्हटल्यावर 'तुम्ही कॅन्सल करा'. याचं कारण परतीचं भाडं. स्टँडच्या टॅक्सीला पुण्यात नंबर लागतो, तिची परतीची खेप ठरलेली असते. ॲपच्या ड्रायव्हरला पुण्याहून मुंबईचं भाडं मिळेलच असं नाही. रिकामा आला तर टोल आणि गॅस त्याच्या खिशातून. १ जुलै २०२५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत, स्वीकारलेली फेरी विनाकारण रद्द केली तर भाड्याच्या दहा टक्के, पण जास्तीत जास्त शंभर रुपये दंड ठेवला आहे. शहरातल्या दीडशे रुपयांच्या फेरीला हा दंड जाणवेल. पुण्याच्या अडीच हजारांच्या फेरीला शंभर रुपये म्हणजे काहीच नाही, रिकामं परतणं त्याच्या कितीतरी पट महाग पडतं. याच तत्त्वांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत दर नेण्याची मुभा आहे. म्हणून सकाळी सातला पोचायचं असेल तर आदल्या रात्री बुकिंग करून निर्धास्त झोपू नये. निघायच्या दीड तास आधी गाडी नंबरासकट लागली आहे का, ते बघावं. नसेल तर दादरचा पर्याय तेव्हाही हातात असतो.

ॲपवाल्यांनीही सीट विकून पाहिली होती. उबरपूल आणि ओला शेअर २०१५ मध्ये आले आणि मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद झाले. त्यामुळे परवानाधारक गाडीत एकच सीट घेऊन पुण्याला जायचं तर स्टँड हाच सरळ पर्याय आहे. कायद्यातही याला जागा आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(७) मधल्या कंत्राटी वाहनाच्या व्याख्येत, प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घेणारी मोटारकॅब धरलेली आहे. याच्या उलट सायन, वाशी, वाकडला 'पुणे, पुणे' किंवा 'दादर, दादर' म्हणून शे-दीडशे कमी सांगणाऱ्या पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाड्या. त्यात अजिबात बसू नये. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच काढते, आणि प्रवाशाच्या हातात ना पावती असते, ना गाडीचा नंबर. पिवळी पाटी, काळी अक्षरं बघूनच बसावं.

आता गाडीच्या आतलं. बहुतेक गाड्या सीएनजीच्या, आणि टाकी डिकीत असते. चोवीस इंची एक बॅग आणि दोन छोट्या सॅक बसतात. दुसरी मोठी बॅग आली की कुणाच्या तरी मांडीवर किंवा वर कॅरिअर असेल तर कॅरिअरवर. पावसाळ्यात कॅरिअरवर बॅग देणार असाल तर प्लॅस्टिक आपलं न्यावं, ताडपत्रीवर भरवसा ठेवू नये. दोन मोठ्या बॅगा घेऊन एकट्याने जाणाऱ्याने बसण्याआधीच ड्रायव्हरला दाखवून ठरवून घ्यावं, म्हणजे चौथा आल्यावर चिडचिड होत नाही. निघताना 'गॅस भरलाय ना?' हेही विचारावं. पंपावर रांग असेल तर पाऊण तास सहज जातो, आणि गॅस भरताना नियमाप्रमाणे सगळ्यांना खाली उतरावं लागतं. एसी गाडीत खंडाळ्याच्या चढाला ड्रायव्हर एसी बंद करतात. ती लबाडी नव्हे. गॅसवर छोट्या इंजिनाची ओढ कमी होते आणि गाडी चार माणसं भरून चढत असते. चढ संपल्यावर पुन्हा लावला नाही तर मात्र सांगावं, पैसे एसीचेच दिलेले असतात.

मागची मधली सीट साडेतीन तासांसाठी वाईटच. पाय ठेवायच्या जागी उंचवटा आणि टेकायला नीट पाठ नाही. उंच माणसाने किंवा गुडघेदुखीवाल्याने पुढची सीट मिळेपर्यंत एक गाडी सोडावी. मागच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांची अवस्था आठ महिन्यांत सगळ्यात जास्त खटकली. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, पण टॅक्सीत पट्टे असतात आणि त्यांची खोबणी सीटकव्हरखाली गाडलेली असते. गाडी सुटायच्या आधी, दार उघडं असताना, कव्हर उचलून ती वर काढून घ्यावी. एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून वेगाचे कॅमेरे लागल्यामुळे कारचे ताशी १०० पाळले जातात आणि 'अडीच तासांत पुणे'ची घाई बरीच कमी झाली आहे, ही चांगली गोष्ट. दादर ते पुणे स्टेशन साडेतीन तास धरावेत. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून आणि रविवारी संध्याकाळी पुण्याहून पाच.

एकट्या बाईने रात्री जायचं असेल तर ॲपच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे: गाडीचा नंबर आणि चालत्या गाडीचं ठिकाण घरच्यांना आपोआप दिसतं. स्टँडवर हेच हाताने करावं लागतं. पावतीवर गाडीचा नंबर लिहून घ्यायचा, पाटीचा फोटो घरी पाठवायचा, फोनवरून लोकेशन चालू ठेवायचं. खिडकीची किंवा पुढची सीट मागितली की बहुतेक वेळा मिळते. बाकीच्या तीन अनोळखी प्रवाशांत आणखी एखादी बाई असण्याची शक्यता असते, हीही टॅक्सीची जमेची बाजू आहे. ॲपच्या गाडीत ड्रायव्हर आणि आपण, दोघंच असतो.

पुण्यात कुठे जायचं, यावर निम्मा निर्णय ठरतो. टॅक्सी पुणे स्टेशनला सोडते. तिथून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये, म्हणजे कोथरूडपर्यंत दीडशेच्या पुढे. मेट्रोने तोच प्रवास वनाझपर्यंत ३५ रुपयांच्या आत होतो, आणि स्वारगेट किंवा पिंपरीसाठी जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलता येते. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास थांबते, हे दादरहून निघतानाच मोजावं. संध्याकाळी साडेसातनंतर निघालात तर रिक्षाचे पैसे धरूनच चालावं. वाकड, हिंजवडी, बाणेरला जाणाऱ्यांना मात्र स्टेशनला जाऊन परत मागे येणं परवडत नाही. एक्स्प्रेसवे किवळ्याला संपतो आणि ही गावं तिथून जवळ आहेत. टॅक्सीतून वाटेत उतरता येतं, पण सीटभाडं पूर्णच द्यावं लागतं, आणि हायवेच्या कडेला उतरल्यावर पुढे रिक्षा मिळेल का, ते वेळेवर अवलंबून. दोघं असून हिंजवडीला जायचं असेल तर ॲपची गाडी महाग असूनही बरी.

सणासुदीला काही ड्रायव्हर स्टँडवरही पन्नास-शंभर जादा मागतात. दराचा बोर्ड बघून, पावती मागून बोललं की बहुतेक वेळा विषय मिटतो. ॲपवर दर दुप्पट झाला तर बोलायला समोर कुणीच नसतं. म्हणून दिवाळीच्या आदल्या दिवशी आणि लांब सुट्टीच्या शुक्रवारी एकट्या माणसाने डोळे मिटून दादरला जावं. गर्दीमुळे तेव्हाच गाडी सगळ्यात लवकर भरते, दर तोच असतो, थांबावं लागतं ते गाडी परत येण्यासाठी. आठवड्यातली दुपार मात्र टाळावी. बारा ते चारमध्ये पहिला माणूस ठरण्याची शक्यता फार.

स्टँडवाल्यांना एकच मागणं आहे. लोकांना ॲपवर सवय लागली ती माहितीची: गाडी कुठे आहे, किती मिनिटांत येईल. स्टँडवर ही माहिती माणसाच्या तोंडात असते, पण घरून निघताना ती मिळत नाही. पावती फाडणाऱ्याकडे एक फोन ठेवून 'आत्ता एसीत दोन झालेत, साध्यात एक' एवढं जरी कुणी सांगितलं, तरी माटुंगा, शीव, परळचे लोक तिसरा-चौथा होण्यासाठी पंधरा मिनिटांत येऊन उभे राहतील, आणि आत बसलेल्या दोघांना शिवनेरीचा विचार करावा लागणार नाही.