वाळवलेल्या अळ्यांचं पाकीट: कोंबड्यांना पसंत, माझे पाचातले तीन तारे

ऑनलाइन मागवलेलं ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ माशीच्या वाळवलेल्या अळ्यांचं हे पाकीट. पाव किलोला साडेतीनशे रुपये, कुरिअर वेगळं. माल चांगला आहे. पण पाकिटावर जे छापायला हवं होतं तेच छापलेलं नाही, म्हणून दोन तारे कापले.

आधी माल. अळी बोटाच्या पेराहून थोडी आखूड, तपकिरी. नखाने दाबली की कटकन मोडते, वास भाजक्या शेंगदाण्यांसारखा येतो. तळाशी थोडा चुरा होता, पण बुरशीची पांढरी तार किंवा कुबट वास कुठेच नाही. अळी वाकली आणि मोडली नाही, तर आत ओल राहिली आहे असं समजा आणि घालू नका. घातल्यावर आमचा कोंबडा एक अळी चोचीत धरतो, खाली टाकतो, कुक्‌कुक्‌ करून तलंगांना बोलावतो. त्या येऊन टिपेपर्यंत स्वतः खात नाही. तांदळाच्या कण्यांसाठी त्याने एवढी धडपड केलेली मी पाहिली नाही.

शेजारच्या काकींनी खळ्यात येऊन विचारलंच, “अगो, ह्या काय घालतंस कोंबड्यांका? जवळो काय संपलो?” प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे सुका जवळा असताना अळ्या कशाला? माझं उत्तर असं की या अळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम असतं. तिच्याबरोबर विकले जाणारे पिवळे मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) प्रथिनांत वरचढ असले तरी त्यांत कॅल्शियम फारच थोडं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. नुसत्या अळ्यांवर ते भागत नाही, त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवायलाच हवा. जवळाही उत्तम, फक्त वाळू पाखडून आणि बिनमिठाचा घ्या. खारवलेली मासळी कोंबड्यांना अजिबात नको, जास्त मिठाने त्या दगावतात.

किती घालायचं, यावर पाकीट म्हणतं ‘आवडीनुसार’. हे मला पटलं नाही. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. वरखाऊ, म्हणजे नेहमीच्या खाद्याशिवायचा खाऊ, त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, आणि त्यात ताटातला उरलेला भातही धरायचा. अळीत जवळजवळ एक तृतीयांश चरबी असते. डांबून ठेवलेल्या, हिंडू न शकणाऱ्या लठ्ठ कोंबडीच्या यकृतात चरबी साठते, आणि उन्हाळ्यात अशी कोंबडी एकाएकी मरून पडते. मी प्रत्येकीला चमचाभर, तेही आठवड्यातून काही दिवसच घालते. एप्रिल-मेच्या उकाड्यात अळ्या पाण्यात भिजवून देते. पिल्लांना अजून दिलेल्या नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर खरी भीती हवेची. जूनपासून दमट हवेत उघडं पाकीट चार दिवसांत सादळतं, आणि याला झिप असूनही ती नीट बसत नाही. चरबीचा माल सादळला की खवट होतो आणि बुरशी धरतो. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते उन्हात वाळवून किंवा भाजून जात नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की मेल्या, तेव्हा कारण निघालं बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतलं हेच विष. ते थोड्या प्रमाणात अंड्यातही उतरू शकतं, आणि घरची अंडी घरची मुलंच खातात. म्हणून आल्याबरोबर माल कोरड्या काचेच्या बरण्यांत भरून ठेवा. वास बदलला तर पैशाकडे न बघता फेकून द्या.

आता कापलेल्या ताऱ्यांचं कारण. या अळ्या कशावर वाढवल्या? पाकिटावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आहे, पण अळ्यांचा चारा, वाळवण्याची पद्धत आणि पॅकिंगची तारीख यांचा पत्ता नाही. ही अळी काहीही खाते, सडका भाजीपाला, खरकटं, शेणसुद्धा. खाण्यात कॅडमियमसारखा जड धातू असेल तर तो तिच्या अंगात साठतो. युरोपात गायींच्या ‘मॅड काऊ’ रोगानंतर जनावरांच्या खाद्यातल्या प्राणिजन्य प्रथिनांवर कडक बंदी आली. तिथे कोंबड्यांना किड्यांची प्रथिनं घालायला परवानगी मिळाली ती 2021 मध्ये, तीही ठरवून दिलेल्या चाऱ्यावर वाढवलेल्या किड्यांनाच. विक्रेत्याला मी चाऱ्याबद्दल लिहून विचारलं, उत्तर आलं ‘उत्तम दर्जा, काळजी नसावी’. एवढ्याने काळजी जात नाही.

महाग पडतं म्हणून कुणी मेलेल्या मासळीवर घरीच अळ्या पाडायच्या म्हणत असेल तर कृपा करून नको. सडक्या मांसावरच्या अळ्यांत बोट्युलिझम या रोगाचं जिवाणूंनी बनवलेलं विष साठतं आणि त्या खाल्ल्या की कोंबडीची मान लुळी पडते.

पुढचं पाकीट मी पाऊस सरल्यावर, लहान मापाचं घेणार, आणि चारा व तारीख छापणाऱ्या कंपनीचंच. तोवर जवळा आहेच.