मसाई मारा सफारी : गेटवर पोचल्यावर कळलं की पार्क फी भरलेलीच नाही

गेल्या ऑगस्टमध्ये मी, हे, माझे धाकटे दीर आणि जाऊ असे चौघं केनियाला जाऊन आलो आणि मसाई माराच्या सफारीत आमची सरळसरळ फसवणूक झाली. लिहायला इतके महिने लागले कारण आठवलं तरी चीड येते, पण आता परत सीझनची बुकिंगं सुरू झालीत आणि आमच्या ओळखीतलीच दोन घरं निघालीयत, म्हणून सगळं सविस्तर सांगतेय.

माणूस फेसबुकवर सापडला, मग सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. बोलायला इतका गोड, शाकाहारी जेवणाची सोय विचारायच्या आधीच सांगितली, जाऊला गुडघ्याचा त्रास आहे म्हटल्यावर तिला पुढची सीट देतो म्हणाला. कोटेशन होतं ३ दिवस २ रात्री, माणशी ४२० डॉलर, लँड क्रूझर, कॅम्प पार्कच्या आत, आणि खाली लिहिलेलं की सगळं धरून. बाकी तीन टूरवाल्यांनी ९०० डॉलरच्या पुढे सांगितलं होतं. आम्हाला वाटलं तेच लुटतायत.

निम्मे पैसे आगाऊ, म्हणजे ८४० डॉलर इथून बँकेतून पाठवायचे होते. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म बघून विचारलं पण, की हे खातं कंपनीचं नाही, एका माणसाच्या नावावर आहे, तुमच्या ओळखीचे आहेत का? आम्ही त्याला मेसेज केला, तो म्हणाला कंपनीच्या खात्याचं काम चालू आहे आणि आम्ही मान्य केलं. तिथेच थांबायला हवं होतं.

नैरोबीत निघायच्या दिवशी सकाळी तो हॉटेलवर आला, उरलेले ८४० डॉलर रोख घेतले, एकेक नोट उजेडात धरून बघितली आणि साध्या पावतीपुस्तकातली पावती दिली. त्यावर फक्त 'सफारी बॅलन्स' आणि रक्कम, कंपनीचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, कशाकशाचे पैसे ते नाही. बाहेर लँड क्रूझर नव्हती, टप वर उचलता येतो तसली व्हॅन होती. म्हणे मोठी गाडी नारोकला बदलून मिळेल. नारोक आलं, चहा झाला, गाव मागे पडलं, गाडी तीच.

सेकेनानी गेटला पोचेपर्यंत दुपारचे साडेतीन झाले. मण्यांच्या बांगड्या विकणाऱ्या मसाई बायकांनी खिडक्यांना गराडा घातलेला, आणि ड्रायव्हर फोन कानाला लावून गाडीपासून लांब उभा. बऱ्याच वेळाने आला आणि खाली बघत म्हणाला, मॅडम, फी तुम्हाला भरावी लागेल, मला फीचे पैसे दिलेलेच नाहीत. आम्ही त्या माणसाला फोन लावला, पहिल्यांदा उचलला, मी बघतो म्हणाला, नंतर स्विच ऑफ. आजपर्यंत स्विच ऑफ.

आता हिशेब नीट वाचा. २०२४ पासून मारामध्ये परदेशी पर्यटकाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर फी आहे, जानेवारी ते जून १००. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चं. कॅम्प पार्कच्या आत असेल तर दोन रात्रींचे दोन दिवस भरायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत बाहेर पडायचं. कॅम्प गेटबाहेर असेल तर ज्या ज्या दिवशी आत जाल त्या दिवसाचे पैसे वेगळे. म्हणजे ऑगस्टमध्ये दोन रात्री आत राहायचं तर नुसती फीच माणशी ४०० डॉलर. गाडी, डिझेल, ड्रायव्हर, तंबू, तीन दिवसांचं जेवण हे सगळं उरलेल्या २० डॉलरमध्ये कोण देणार? हे मी नाशिकला घरी बसून दोन मिनिटांत काढू शकले असते, फी उघड माहितीत आहे, पण आम्ही कोटेशनं एकमेकांशी लावून बघितली, फीशी कोणीच लावून बघितलं नाही.

त्या दिवशी आत गेलो असतो तर अडीच तासांसाठी ८०० डॉलर गेले असते, म्हणून नाही गेलो. कॅम्प अर्थातच गेटबाहेर निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच्या कार्डवर ८०० डॉलर भरले आणि ६ ते ६ आत राहिलो. नदीकाठी विल्डबीस्टचे हजारोंनी कळप बघितले, ते आयुष्यभर विसरणार नाही, पण तिसरा दिवस तंबूतच गेला.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, ड्रायव्हरला दोष देऊ नका. त्याने मला स्वतःच्या फोनवरचा एम-पेसाचा (तिथे मोबाईलवरून पैसे पाठवतात ती सोय) मेसेज दाखवला, त्याला फक्त डिझेलपुरते पैसे आले होते, रोजंदारीसुद्धा बाकी होती. आमचा माणूस कंपनी नव्हताच, नुसता दलाल. गिऱ्हाईक पकडायचं, पैसे घ्यायचे आणि भाड्याच्या गाडीत बसवून द्यायचं.

परत आल्यावर नैरोबीत पोलिसांकडे तक्रार लिहून दिली, पुढे काही झालेलं नाही. इथल्या बँकेने सांगितलं, वायरने गेलेले पैसे परत येणं अवघड, कार्डने भरले असते तर निदान वाद घालता आला असता. म्हणून पैसे कार्डनेच भरा किंवा कंपनीच्या नावाच्या खात्यात. तिथे एम-पेसाने द्यायचे झाले तर कोणाच्या मोबाईल नंबरवर नाही, पेबिल किंवा टिल नंबरवर, म्हणजे धंद्याच्या खात्याच्या नंबरवर द्या, कारण पाठवताना धंद्याचं नाव दिसतं. टूर कंपनीला तिथल्या टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीचं लायसन्स लागतं, ते मागा. काटो म्हणजे केनियाच्या टूर ऑपरेटर्सची संघटना, तिच्या मेंबरांच्या यादीत नाव बघा. आणि पार्क फी कोटेशनमध्ये वेगळी लिहून मागा, किती दिवसांची, कुठल्या गेटची, आणि भरल्यावर तुमच्या नावाची पावती. शक्य असेल तर फी तुम्हीच भरतो म्हणा, खरा माणूस त्याला नाही म्हणत नाही.

अजून दोन गोष्टी. व्हिसाऐवजी आता ईटीए, म्हणजे ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी, लागतो, त्याची मूळ फी ३० डॉलर आणि वर थोडे चार्जेस. गूगलवर वरती येणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात, सरकारी पत्ता 'डॉट जीओ डॉट केई' ने संपतो, तेवढं बघूनच पैसे भरा. आणि यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्या. लस न टोचता नुसतं कार्ड करून देतो म्हणणारे एजंट भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, परत येताना वैध कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनला नेतात.

परवा माझ्या मावसभावाला सप्टेंबरसाठी कोटेशन आलं, मारा ३ दिवस, माणशी ३९० डॉलर, सगळं धरून. मी त्याला एवढंच विचारायला सांगितलं की यात पार्क फी किती दिवसांची आहे आणि पावती आमच्या नावाची मिळेल का. रविवारपासून दोन निळ्या टिका आहेत, उत्तर नाही.