अंगणातली आतषबाजी: पैसे कोणत्या फटाक्यात घालावेत?

फटाक्यांच्या स्टॉलवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेली असते ती सूट. पन्नास टक्के, सत्तर टक्के, कुठे कुठे ऐंशी. या आकड्याकडे बघूच नका. शिवकाशीहून येणाऱ्या बहुतेक खोक्यांवरची छापील किंमतच इतकी चढवलेली असते की सूट वजा करून जे उरतं, तोच खरा बाजारभाव. एका दुकानात साठ टक्के सूट असेल आणि शेजारी पंच्याहत्तर, तरी तोच माल पहिल्याकडे स्वस्त मिळू शकतो. त्यामुळे दुकानदाराला सरळ विचारायचं: हा खोका हातात पडेपर्यंत केवढ्याला, आणि आत नग किती?

तुलना करायला दोन मापं पुरतात. उजेडाच्या एका सेकंदाला किती रुपये पडले, आणि तो उजेड किती जणांना नीट दिसला. ज्यांच्याकडे घरापुढे थोडं अंगण आहे किंवा सोसायटीची मोकळी जागा आहे, खर्च हजार ते तीन हजारांच्या आत ठेवायचा आहे आणि बघायला लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे असणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठा वाटा पाऊस (कुणी झाड म्हणतं, कुणी अनार) आणि भुईचक्रांना, थोडा फुलबाज्यांना, डोक्यावर मोकळं आकाश असेल तरच शॉटचा, म्हणजे एका वातीवर अनेक नळ्या असलेला, एक खोका. बाण, माळा आणि नागगोळ्या यांना एक रुपयाही नाही.

पाऊस की भुईचक्र?

पाऊस हा घरगुती आतषबाजीतला सगळ्यात भरवशाचा सौदा आहे. हिशोब मांडून बघा. समजा दहा पावसांचा खोका दीडशे रुपयांना पडला आणि प्रत्येक पाऊस पंधरा सेकंद चालला, तर सेकंदाला एक रुपया झाला. शिवाय ठिणग्या माणसाच्या उंचीच्या वर जातात, म्हणजे मागे खुर्चीत बसलेल्यांनाही दिसतं. खोक्यांवर स्मॉल, बिग, स्पेशल, अशोका, डिलक्स अशी आकारांची उतरंड असते. त्यातला सगळ्यात छोटा आकार घेऊ नका. तो स्वस्त दिसतो, पण पेट घेईपर्यंत संपलेला असतो. सगळ्यात मोठा घ्यायचा तर आधी एक नग लावून बघावा, कारण मोठ्या कोनात पुठ्ठाच जास्त निघू शकतो. मधला आकार पैशाला पुरून उरतो.

पावसाची खरी भीती म्हणजे तो फुटणं. आतली दारू घट्ट ठासलेली असते आणि वरच्या बारीक तोंडातून ती थराथराने जळत खाली जाते. सादळून सुकल्यामुळे किंवा हाताळणीत आपटल्यामुळे त्या दारूला भेग गेली, की आग एकदम आतवर शिरते आणि पावसाचा बॉम्ब होतो. डोळ्याच्या बऱ्याच दुखापती अशाच होतात. म्हणून खोका उघडल्यावर प्रत्येक नग बोटांत धरून हळूच कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजलं, बुडाची माती सुटलेली दिसली किंवा कागदाला चीर असली, तर तो नग बाजूला काढा. लावताना वाकून तोंड वर न्यायचं नाही. लांब फुलबाजी किंवा अगरबत्ती हात पूर्ण लांब करून वातीला टेकवायची आणि मागे सरायचं.

भुईचक्र नगाला पावसापेक्षा स्वस्त पडतं आणि मुलांना जास्त आवडतं, यात वाद नाही. पण ते जमिनीवर अवलंबून असतं. गुळगुळीत कोबा, शहाबादी फरशी किंवा उलटं ठेवलेलं जुनं स्टीलचं ताट असेल, तर चक्र एका जागी गरगरतं आणि ठिणग्यांचं सुंदर वर्तुळ उमटतं. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र तेच चक्र फटीत अडकतं, उड्या मारतं आणि कडेला जाऊन कुणाच्या तरी साडीशी विझतं. मातीच्या अंगणात तर निम्मे पैसे धुळीत गेले म्हणून समजा. दुसरी अडचण म्हणजे उजेड घोट्याच्या उंचीवर राहतो. पुढच्या रांगेतल्या मुलांना तो दिसतो, मागच्यांना धूर तेवढा मिळतो. तेव्हा जमीन गुळगुळीत असेल आणि बघणारे कमी असतील तर चक्राचा वाटा वाढवा, नाहीतर पाऊसच बरा.

फुलबाजी, पेन्सिल, नागगोळी

लहान मुलं असलेल्या घरात फुलबाजीला पर्याय नाही. ७ किंवा १० सेंटिमीटरची छोटी फुलबाजी घेण्यापेक्षा ३० सेंटिमीटरची घ्या. तिच्या खोक्यात नग कमी असतात, पण एकेक बराच वेळ चालते, आणि मुख्य म्हणजे ठिणग्या बोटांपासून लांब राहतात. फुलबाजीच्या टोकाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं, त्यामुळे हे अंतर फार महत्त्वाचं. विझलेली तार लगेच पाण्याच्या बादलीत गेली पाहिजे. अनवाणी पाय तारेवर पडून भाजण्याचे प्रसंग दर दिवाळीत घडतात. घेताना फुलबाजीचा रंगही बघा. राखाडी मसाल्यावर तांबूस डाग दिसले तर आतल्या लोखंडाच्या कणांना गंज चढला आहे, ठिणग्या मंद पडणार. कोकणात आणि मुंबईत, जिथे पावसाळा लांबला की हवा दमट राहते, तिथे हे तपासायलाच हवं.

पेन्सिल दिसायला फुलबाजीची मोठी बहीण, पण धूर अंगावर येतो आणि मुलाच्या हातात ती देववत नाही. मी ती यादीत ठेवत नाही.

नागगोळीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आवाज नाही, ज्वाळा नाही, किंमत नगण्य, म्हणून ती सगळ्यात लहान मुलांच्या हातात दिली जाते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर नेहमीच्या फटाक्यांच्या धुराची मोजणी केली होती. मुलं जितक्या अंतरावर उभी राहतात तितक्याच अंतरावर त्यांनी पीएम २.५ हे सूक्ष्म कण मोजले. सगळ्यात वाईट ठरली ती नागगोळी, घनमीटरला सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराची माळसुद्धा तिच्या खाली राहिली. त्याखाली फुलबाजी, मग भुईचक्र, आणि सगळ्यात कमी पाऊस, ५,०००च्याही आत. म्हणजे पैशाच्या हिशोबात जो पहिला येतो, तोच धुराच्या हिशोबातही तुलनेने बरा. कमी म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे खरं. घरात कुणाला दमा असेल तर त्याला अंगणात न बसवता धूर जिकडे जात नाही त्या बाजूच्या खिडकीतून बघू द्या.

बाण की शॉट?

आकाशात काहीतरी फुटलं पाहिजे, ही इच्छा मला पूर्ण समजते. ती भागवायचे दोन मार्ग आहेत.

बाणाचा हिशोब वाईट आहे. वर जाण्यात दोनेक सेकंद, फुटण्यात क्षणभर, आणि त्यातले काही तर फुटतच नाहीत. बाटली जराशी कलली की बाण आडवा जातो: वरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, गावाकडे कडब्याच्या गंजीवर. तो कुठे उतरणार हे सांगता येत नाही, आणि दाट वस्तीत एवढं कारण तो न घेण्याला पुरेसं आहे.

शॉटचा खोका, म्हणजे एका वातीवर १२, ३०, ६० किंवा १२० नळ्या, हा त्याच्या तुलनेत सुरक्षित आणि देखणा. पण महाग. ३० शॉटचा खोका चारशे रुपयांना पडला आणि अर्ध्या मिनिटात संपला, तर सेकंदाला तेरा रुपये झाले, पावसाच्या तेरा पट. मग घ्यायचा का? बघणारे किती, त्यावर ठरवा. चार माणसांच्या घरासाठी तो परवडत नाही. सोसायटीत वीस कुटुंबांनी वर्गणी काढली आणि सगळ्या गॅलऱ्यांतून तो दिसला, तर माणशी खर्च पावसापेक्षाही कमी होतो. १२० शॉटचा एक मोठा खोका घेण्यापेक्षा ३०चे दोन वेगवेगळ्या प्रकारचे घ्या. मोठ्या खोक्यात बहुतेक वेळा तेच ते फूल पुन्हा पुन्हा उमलतं, आणि पहिल्या पंधरा सेकंदांनंतर मुलांचं लक्ष उडतं.

खोका समतल जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी विटा लावल्याच पाहिजेत. चालू असताना तो कलंडला तर नळ्या माणसांच्या दिशेला होतात. किती अंतर ठेवायचं, हे आपल्याकडच्या खोक्यावर क्वचितच स्पष्ट लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये राहणारे मराठी लोक ‘एफ२’ आणि ‘एफ३’ हे फटाक्यांचे वर्ग ओळखतात. तिथे छोट्या बागेसाठीच्या एफ२ला ८ मीटर आणि मोठ्या एफ३ला २५ मीटर अंतर ठेवायला सांगतात. पाकिटावर आत किती दारू आहे याचं वजनही छापलेलं असतं, त्यामुळे पुठ्ठ्याच्या आकाराला कुणी फसत नाही. तिकडे दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत परवानगी असते, एरवी अकरापर्यंत. आपल्या पार्किंगमध्ये २५ मीटर निघत नसतील, किंवा वर झाडं नाहीतर विजेच्या तारा असतील, तर शॉटचा विचार सोडून द्यावा.

आवाजाचे फटाके

यांची तुलना करायचं मला कारण दिसत नाही. सुतळी बॉम्ब म्हणजे एक क्षण आणि शून्य उजेड. ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणाऱ्या फटाक्याचं उत्पादन आणि विक्री १९९९च्या नियमानेच बंद आहे. माळांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्ये बंदी घातली, तरी त्या सर्रास विकल्या जातात. तान्हं बाळ, म्हातारी माणसं आणि कुत्री-मांजरं यांचे त्या रात्री काय हाल होतात, ते ज्याच्या घरी आहेत त्याला विचारा. मुलांना ‘काहीतरी वाजणारं’ हवंच असेल तर टिकल्यांचं पिस्तूल द्या. थोडक्या रुपयांत भागतं आणि अख्खी दिवाळी पुरतं.

गिफ्ट बॉक्स की सुटा माल?

सुटा माल. गिफ्ट बॉक्समध्ये वरच्या थरात आकर्षक नग आणि खाली नागगोळ्या, रंगीत काड्या, छोट्या फुलबाज्या असा भरणा असतो. ज्या वस्तू एरवी आपण विकत घेतल्या नसत्या, त्यांचे पैसे त्यात जातात.

खोका हातात घेतल्यावर

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या त्याच निकालात बेरियमच्या क्षारांवर बंदी आली आणि हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे, फटाके तेवढे चालतील असं ठरलं. हे हरित सूत्र आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केलं. त्यात धूलिकण किमान ३० टक्के कमी व्हावेत अशी अपेक्षा आहे. खोक्यावर नीरीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असतो. नुसता हिरवा छाप कुणीही छापू शकतं, म्हणून कोड स्टॉलवरच स्कॅन करा आणि उत्पादकाचं नाव खोक्यावरच्या नावाशी जुळतं का ते बघा. गर्द हिरवा उजेड प्रामुख्याने बेरियमचा असतो, त्यामुळे ‘एकदम हिरवागार जळतो’ अशी कुणी जाहिरात केली तर तो माल परत ठेवा. उत्पादनाचं वर्ष आणि महिना वाचा. गेल्या वर्षीचा उरलेला माल पहिल्या दोन दिवसांत खपवला जातो. उत्पादकाचं नाव-पत्ता नसलेला परदेशी खोका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. अशा मालात क्लोरेट हे रसायन असण्याचा धोका असतो आणि ते नुसत्या घर्षणानेही पेटू शकतं.

दोन हजार रुपये असतील तर मी असे लावीन: आठशेचे पाऊस, निम्मे स्पेशल आणि (आधी एक नग लावून बघून) निम्मे डिलक्स. चारशेची भुईचक्रं. अडीचशेच्या फुलबाज्या, बहुतेक ३० सेंटिमीटरच्या. उरलेल्या साडेपाचशेत आकाश मोकळं असेल तर एक ३० शॉट, नसेल तर आणखी पाऊस. पाऊस एकेक करून लावू नका. चार-चार फुटांवर तीन नग ओळीने मांडून पाठोपाठ पेटवले की त्याच पैशात कितीतरी भरगच्च दिसतं. लावणारी व्यक्ती एकच असावी, सुती कपड्यांत, आणि हाताशी पाण्याची बादली आणि रेतीचं घमेलं. फुसका निघालेला नग पुन्हा पेटवायचा नाही, लांबूनच पाणी ओतायचं. न्यायालयाने दिलेली वेळ रात्री आठ ते दहा आहे. एवढा माल पाऊण तासात आरामात संपतो.

थोडे पाऊस आणि फुलबाज्या तुळशीच्या लग्नासाठी ठेवायच्या असतील तर खोका न उघडता ठेवा, स्वयंपाकघर आणि देवघरातल्या समईपासून लांब, कोरड्या कपाटात. सादळलेले फटाके गॅसजवळ किंवा तव्यावर कधीच सुकवू नयेत. त्यानंतरही उरले तर पुढच्या दिवाळीपर्यंत सांभाळण्यात अर्थ नाही: रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचे आणि सकाळी ओलेच असताना वेगळ्या पिशवीत बांधून कचरा नेणाऱ्यांना आत काय आहे ते सांगून द्यायचे.