कलाशिक्षकांच्या मदत-प्रदर्शनातून घरी आलेला तांब्या

दिवाळीनंतर दादर पश्चिमेला एका शाळेच्या सभागृहात तीन दिवस चित्रांचे प्रदर्शन आणि विक्री होती. मुंबईतील काही कलाशिक्षक आणि त्यांच्या ओळखीचे चित्रकार यांनी सप्टेंबर २०२५ च्या पुरात सापडलेल्या भागातील शाळकरी मुलांसाठी ते भरवले होते. मी तेथून एक चित्र विकत घेतले. वस्तू विकत घेतल्यावर तिच्याविषयी जितके काटेकोरपणे लिहावे, तितक्याच काटेकोरपणे या प्रदर्शनाविषयी लिहायला हवे, असे मला वाटते. मदतीसाठी भरवलेल्या प्रदर्शनाबद्दल सहसा कोणी खरे बोलत नाही. हेतू चांगला असल्यामुळे चित्रे कशी होती हे विचारणे आपल्याला अप्रशस्त वाटते आणि पैशांचे पुढे काय झाले हे विचारणे तर त्याहूनही. मी बँकेत पस्तीस वर्षे काढली आहेत आणि लहानपणी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षाही दिल्या आहेत, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मी तेथे विचारले.

सभागृहात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती अशी की, भिंतींवर पूर जवळजवळ नव्हताच. सीना नदीचे पाणी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांत आणि पलीकडे धाराशिवमधील परंडा, भूम भागात घुसल्याची दृश्ये तेव्हा आपण सर्वांनीच दूरचित्रवाणीवर पाहिली होती. छपरावर बसलेली माणसे, पाण्यात उभी जनावरे, चिखलात आडवा झालेला ऊस ही दृश्ये रंगवून विकायला ठेवणे फार सोपे होते आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळाले असते. आयोजकांनी तो मोह टाळला. सुमारे दीडशे चित्रांत पुराची चित्रे मला दोनच दिसली आणि ती दोन्ही पूर ओसरल्यावर त्या भागात प्रत्यक्ष जाऊन आलेल्या एका चित्रकाराने कोळशात केलेली होती. हा निर्णय मला मनापासून पटला. चित्रकाराने आपत्ती रंगवूच नये, असे माझे म्हणणे नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि भुकेल्या माणसांसमोर बसून त्यांनी रेखाटने केली. पुढे ते मुंबईत, अंधेरीला येऊन राहिले. त्यांच्या रेषेला जो अधिकार आहे, तो त्या पायपिटीतून आलेला आहे. दादरला घरात बसून, पडद्यावर पाहिलेल्या दुसऱ्याच्या दुःखाची चौकट करून विकायची, त्याला तो अधिकार नाही, आणि हे या शिक्षकांना कोणी सांगावे लागले नाही.

मग भिंतींवर होते काय? निम्म्याहून अधिक चित्रे कलाशिक्षकांची वर्गातली प्रात्यक्षिके होती, आणि माझ्या मते या प्रदर्शनाचे खरे मोल तेथेच होते. कलाशिक्षकाचे स्वतःचे काम कोणते, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. तीस-पस्तीस मिनिटांच्या तासाला चाळीस-पन्नास मुले टेबलाभोवती कोंडाळे करून उभी असतात, सर किंवा बाई कागद फळ्याला टाचतात आणि बोलता बोलता तांब्या, कपडा, दोन केळी असे काहीतरी उभे करतात. घंटा होते, कागद कपाटात जातो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीसमोर तोच तांब्या पुन्हा नव्याने काढला जातो. दहावीच्या निकालात इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला ७, 'ब' श्रेणीला ५ आणि 'क' श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. बऱ्याच घरांत चित्रकलेची गाठ तेवढ्यापुरतीच पडते, हे खरे आहे. परंतु त्या गुणांच्या निमित्ताने एखाद्या शिक्षिकेने तीस वर्षे एकच तांब्या शेकडो वेळा रंगवलेला असतो आणि त्यातून तिच्या हाताला आलेली सफाई कोणत्याही दालनात टांगली जात नाही. या प्रदर्शनाने ती कपाटे उघडली.

मी घेतलेले चित्र असेच एक स्थिरचित्र आहे. साधारण ११ बाय १५ इंचांच्या कार्ट्रिज कागदावर जलरंगात एक पितळी तांब्या, त्याच्या मागे निळ्या कपड्याची घडी आणि पुढे एक वांगे. तांब्याच्या पोटावर खिडकीचा उजेड पडला आहे तेथे रंग लावलेलाच नाही, कोरा कागद तसाच सोडला आहे, आणि तो इतका अचूक सोडला आहे की, दोन पावले मागे गेल्यावर पितळ चमकते. वांग्याची सावली कपड्यावर पडते त्या ठिकाणी जांभळा रंग निळ्यात ओला असतानाच सोडलेला आहे. तो पसरून त्याला जी कडा आली, ती ठरवून येत नाही, मात्र केव्हा थांबायचे हे हाताला माहीत असावे लागते. उजव्या कडेला पेन्सिलीने तांब्याचा मध्यअक्ष आणि तोंडाचा लंबगोल मुलांना समजावा म्हणून वेगळा काढून दाखवला आहे आणि खाली बारीक अक्षरात 'आठवी ब' असे लिहिले आहे. किंमत १,५०० रुपये. खालच्या पट्टीवर माध्यमाबरोबर असेही लिहिले होते की, कागद साधा असल्यामुळे काळानुसार पिवळा पडेल. विकणाऱ्याने स्वतःहून मालाचा दोष सांगावा, हे मला मुंबईच्या कोणत्याही बाजारात फारसे अनुभवास आलेले नाही.

चित्र ज्यांचे होते त्या बाई शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांना विचारले, "बाई, हे देऊन टाकताना वाईट वाटत नाही का?" त्यांनी सांगितले, "अहो, कपाटात दोनशे तांबे आहेत. हा मात्र चांगला जमला होता, म्हणून आणला. टाकाऊ चित्र मदतीला द्यायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते." मदत-प्रदर्शनांत चित्रकार बरेचदा न खपलेले काम पाठवतात आणि घेणाराही दान समजून ते मुकाट्याने उचलतो. येथे तसे झाले नाही, याचे कारण मला या एका वाक्यात मिळाले.

आतल्या वातानुकूलित खोलीतील विभागाबद्दल मात्र मला इतके चांगले लिहिता येत नाही. तेथे नावाजलेल्या चित्रकारांनी दिलेली मोठी कॅनव्हास चित्रे होती, ती चांगली होती आणि त्यांच्यामुळे निधीत मोठी भर पडली असणार. परंतु शिक्षकांची कामे बाहेरच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली आणि ही आत दिव्यांच्या झोतात, अशी विभागणी ज्यांनी स्वतः प्रदर्शन भरवले त्या शिक्षकांनीच करावी, हे मला रुचले नाही. व्हरांड्यातील काचेच्या चौकटींवर उजेडाची इतकी तिरीप होती की, काही चित्रे मान वाकडी करून पाहावी लागली. त्याच आतल्या खोलीत ६,००० रुपयांना एक मुद्राचित्र होते आणि त्याखाली केवळ 'प्रिंट' एवढेच लिहिले होते. हाताने छापलेल्या मुद्राचित्राच्या खाली चित्रकार पेन्सिलीने सही करतो आणि १२/५० असा आकडा घालतो. त्याचा अर्थ एकूण पन्नास प्रतींपैकी ही बारावी प्रत. तो आकडा नसेल, तर आपण चित्रकाराच्या हातची प्रत घेत आहोत की संगणकावरून काढलेली रंगीत छपाई, हे घेणाऱ्याला कसे कळणार? तेथील स्वयंसेवक विद्यार्थ्याला ते सांगता आले नाही आणि त्यात त्याचा दोष नव्हता. व्हरांड्यातील पट्ट्या ज्या प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या, त्याच प्रामाणिकपणे आतल्याही लिहायला हव्या होत्या.

आता पैशांविषयी. पैसे देताना मी थबकले, कारण समोर ठेवलेला क्यूआर कोड एका व्यक्तीच्या बचत खात्याचा होता. ती व्यक्ती माझ्यासमोर उभी होती, त्यांच्या सचोटीविषयी मला यत्किंचितही शंका नव्हती, तरीही लोकांकडून घेतलेला निधी खाजगी खात्यात जाऊ नये, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. असे पैसे नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या खात्यात गेले म्हणजे देणारा निश्चिंत राहतो आणि घेणाऱ्यावरही उद्या बालंट येत नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला घेऊन पुन्हा गेले तेव्हा कोड बदललेला होता. जिच्यामार्फत साहित्य पाठवायचे होते त्या संस्थेच्या खात्याचा तो नवा कोड होता. दाराशी एका फळ्यावर रोजची विक्री चित्राच्या क्रमांकासह लिहिलेली असे, तीही मी दोन्ही दिवस पाहिली.

पावतीचा भाग तर त्यांनी पहिल्या दिवसापासूनच नेमका केला होता. चित्र घेतल्यास विक्रीची पावती, नुसते पैसे दिल्यास देणगीची पावती, आणि दोन्हींतला फरक पाटीवर लिहिलेला. पुष्कळ लोकांचा समज असतो की, मदतीसाठीच्या प्रदर्शनात चित्र घेतले की प्राप्तिकरात देणगीची सूट मिळते. तसे नाही. पैशांच्या बदल्यात आपल्याला वस्तू मिळाली की ती खरेदी होते, देणगी राहत नाही. देणगीसुद्धा २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर सूट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ही सूटच नाही. माझ्यापुढे रांगेत असलेले एक गृहस्थ यावरून थोडे नाराज झाले. त्यांना खोटी पावती देऊन खूश करणे सहज शक्य होते, पण टेबलावरच्या शिक्षकांनी ते केले नाही.

निधीतून काय घ्यायचे, यावर माझा आधी आक्षेप होता. वह्या, कंपासपेटी, दप्तर, चित्रकलेची वही आणि रंगपेटी असा संच प्रत्येक मुलाला द्यायचा, असे फलकावर लिहिले होते. ज्यांच्या शेतातली माती खरवडून जाऊन खाली खडक उघडा पडला, त्यांच्या मुलाला रंगपेटी कशाला, असे माझ्या मनात आले आणि मी ते बोलूनही दाखवले. त्यावर तेथील एका सरांनी दिलेले उत्तर मी अजून मनात घोळवते आहे. ते म्हणाले की, माती परत आणणे आमच्या दीड हजारांच्या चित्रांनी होणारे काम नाही, ते शासनाचे आहे आणि त्यासाठी राज्याने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीरही केले आहे. जमिनीचा पंचनामा होतो, गोठ्याचा होतो, घराचा होतो. पाठ्यपुस्तके शाळेत पुन्हा मिळतात. पण मुलाच्या दप्तराचा पंचनामा कोणी करत नाही. त्या भागातल्या कलाशिक्षकांशी यांच्या जुन्या ओळखी असल्यामुळे कोणत्या शाळेत किती मुलांची दप्तरे गेली, याची यादी त्यांनी फोनवरून मागवली होती आणि ती इयत्तेनुसार लिहिलेली होती. पाचवीच्या मुलाला कंपासपेटी लागते, दुसरीच्या मुलाला लागत नाही, एवढा विचार त्या यादीत होता. माझा आक्षेप मी मागे घेतला.

वीस मिनिटांत व्यक्तिचित्र ३०० रुपयांत काढून देण्याच्या टेबलासमोर मी गेले त्या दोन्ही दिवशी सर्वांत जास्त गर्दी होती, एवढे नोंदवून पुढे जाते. ज्यांना दीड हजार परवडत नाहीत त्यांच्यासाठी याव्यतिरिक्त काहीच नव्हते, ही उणीव मला मोठी वाटते. १९७९ साली मुंबईत सुरू झालेल्या 'क्राय' संस्थेची चित्रकारांच्या चित्रांची शुभेच्छापत्रे आमच्या पिढीने वर्षानुवर्षे घेतली. तशी चार-सहा पत्रे छापून ठेवली असती, तर रिकाम्या हाताने परतणारी महाविद्यालयीन मुले तरी पन्नास रुपये देऊन गेली असती.

बांधणीची व्यवस्था वाईट होती. चित्र मला वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबरबँड लावून दिले, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये ते सरळ ठेवण्यासाठी मला दादरपासून मुलुंडपर्यंत छातीशी धरून उभे राहावे लागले. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून चिकटपट्टी लावायला पाच रुपयेही लागले नसते. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी घरून एक जाड फाइल न्यावी.

तीन आठवड्यांनी हिशेबाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यात सभागृहाचे भाडे, चौकटींचा खर्च, संचांची संख्या आणि शाळांनी दिलेल्या पोचपावत्या होत्या. चौकटींवरचा खर्च मला जास्त वाटला, तसे मी कळवले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचे बिल मला पाठवण्यात आले.

चित्राला मी चौकट घरी आल्यावर करून घेतली. मुंबईच्या पावसाळ्यात जलरंगाच्या कागदाला काच चिकटली की बुरशी धरते, म्हणून काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवती खिडकीसारख्या कापलेल्या पुठ्ठ्याची, जाडी असावी लागते, आणि ओल येणाऱ्या भिंतीवर ते टांगायचे नसते. चौकटवाल्याने माउंट कापण्यापूर्वी विचारले की, कडेच्या पेन्सिलीच्या रेघा आणि 'आठवी ब' झाकून टाकू का, म्हणजे चित्र स्वच्छ दिसेल. मी त्याला माउंटची खिडकी दीड इंच जास्त रुंद कापायला सांगितली.